प्रमाणशास्त्राचे वाचन कोठून आरंभावे?

विहारांतील अभ्यासवर्गांत ज्ञानमीमांसेचा विषय निघाला की देकार्त, ह्यूम, कांट ही नावे प्रथम पुढे येतात. ते ग्रंथ अवश्य वाचावेत. परंतु देकार्तच्या हजार वर्षे अगोदर आचार्य दिङ्नागांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानली होती. शब्द हे स्वतंत्र प्रमाण नाही, तो अनुमानातच मोडतो, असे त्यांचे म्हणणे. वेदवचन स्वतःप्रमाण मानणाऱ्या मीमांसकांशी तंटा पेटला तो येथेच.

हा तंटा केवळ शब्दांचा नव्हता. कुमारिल भट्टांनी ब्राह्मणत्व ही खरीखुरी ‘जाति’ ठरविली. गाईचे गोत्व तसे ब्राह्मणाचे ब्राह्मणत्व! प्रज्ञाकरगुप्तांनी आपल्या ‘वार्तिकालंकारा’त या मताचे खंडन केले. त्यापूर्वीच धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’च्या स्ववृत्तीअखेर बुद्धी जड झाल्याची पाच लक्षणे सांगितली होती: वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे, स्नानात धर्म पाहणे, पापक्षालनासाठी देहदंड आणि जातीचा गर्व. जातिगर्वाची गणना त्यांनी अज्ञानात केली, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

असे ग्रंथ या देशात दुर्मिळ झाले. धर्मकीर्तींचा ‘न्यायबिंदु’ वाचला तो जैन ग्रंथभांडारांमुळे. हे ऋण मान्य केले पाहिजे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक पीटर पीटरसन यांना खंभातच्या शांतिनाथ भांडारात धर्मोत्तरांच्या टीकेची ताडपत्रे मिळाली आणि १८८९ मध्ये कलकत्त्याहून ती मूळ ग्रंथासह छापली गेली. ‘प्रमाणवार्तिका’साठी मात्र राहुल सांकृत्यायन यांना तिबेट गाठावे लागले. १९२९ ते १९३८ या काळात ते चार वेळा तेथे गेले. त्यांनी पोथ्या उतरवून घेतल्या, छायाचित्रे काढली आणि १९३८ पासून त्यांच्या संपादनाखाली हा ग्रंथ पाटण्याहून प्रसिद्ध होऊ लागला.

नव्या वाचकाने आरंभ ‘न्यायबिंदू’नेच करावा. परिच्छेद अवघे तीन, सूत्रे आटोपशीर. श्चेर्बात्स्की यांच्या ‘बुद्धिस्ट लॉजिक’च्या दुसऱ्या खंडात (१९३०) त्याचा इंग्रजी अनुवाद टीकेसह आहे, मात्र या पंडितास जागोजागी कांट दिसतो, तेवढे सांभाळून वाचावे. त्यानंतर बडोद्याहून १९२६ मध्ये निघालेला शांतरक्षितांचा ‘तत्त्वसंग्रह’ घ्यावा. ‘प्रमाणवार्तिक’ गुरूवाचून हाती धरू नये, एवढे ते कठीण आहे. दिङ्नागांचा मूळ ‘प्रमाणसमुच्चय’ दीर्घकाळ तिबेटी अनुवादांतूनच वाचावा लागे. तिबेटमध्ये सापडलेल्या जिनेंद्रबुद्धींच्या संस्कृत टीकेचा पहिला परिच्छेद २००५ मध्ये छापला गेला, आणि तिच्या आधारे प्रत्यक्षाचे प्रकरण आता पुन्हा संस्कृतात जुळविता आले आहे.