फवारणी झाली नाही, जाब कोणाला विचारायचा?

पावसाळा आला की वसई-विरारमध्ये डेंग्यू-मलेरियाची चर्चा सुरू होते. औषधाची चिठ्ठी घेता घेता एखादा रुग्ण हमखास विचारतो, "डॉक्टर, आमच्या गल्लीत फवारणी झालीच नाही. तक्रार कुठे करायची?" महापालिकेत, हे सोपे उत्तर. पण महापालिकेच्या आरोग्य खात्याला जाब विचारणार कोण, हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे.

इंग्लंडमध्ये 1848 च्या कायद्याने गावोगावी आरोग्य मंडळे स्थापन होऊ लागली. आपल्याकडे साफसफाई, पाणी, लसीकरण ही कामे नगरपालिकांकडेच आली. मुंबईत 1865 च्या कायद्याने बहुतेक कारभार एका आयुक्ताच्या हाती गेला. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी कामांचा धडाका लावला, पण खर्चाला धरबंद राहिला नाही. करदाते संतापले आणि 1872 मध्ये नवा कायदा झाला. त्यानुसार 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. काम आयुक्ताने करायचे, पैशावर लक्ष सभासदांनी ठेवायचे. आपली महापालिकाही याच दोन चाकांवर चालते.

या व्यवस्थेची परीक्षा प्लेगने घेतली. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ते महापालिकेचे सभासदही होते. रुग्णाच्या खाटेपासून सभागृहापर्यंत बातमी नेणारा माणूस शहराकडे होता. पण साथ पसरल्यावर सरकारने 1897 मध्ये साथरोग कायदा आणला आणि मुंबईत जनरल गेटेकर यांच्या समितीकडे प्लेगचे काम दिले. पुण्यात रँडच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले. लोक धास्तावले, आजारी माणसे लपवू लागले. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. डॉक्टर म्हणून मला यातला धडा साधा वाटतो: लोकांचा विश्वास गेला की रुग्ण लपतो, आणि रुग्ण लपला की साथ वाढते.

आता आपल्या गावाकडे येऊ. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व 53 ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. कायद्याने साथी रोखणे, लसीकरण, जन्म-मृत्यूची नोंद ही तिची बंधनकारक कामे आहेत. वैद्यकीय आरोग्य अधिकारी आयुक्तांच्या हाताखाली काम करतो. नगरसेवक अंदाजपत्रक मंजूर करतात, स्थायी समिती मोठ्या खर्चांना मान्यता देते, आणि सभागृहात प्रश्न विचारता येतात.

जून 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. करोना ऐन भरात होता आणि साथ हाताळायला तोच 1897 चा कायदा वापरला जात होता. निवडणूक लांबली, प्रशासक आले. खर्च सुचवणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी 13 करोना रुग्ण गेले. अशा रुग्णालयांची नोंदणी आणि अग्निसुरक्षा ही महापालिकेच्याच अखत्यारीतली. सभागृह असते तर आग लागली नसती, असे मी म्हणणार नाही. पण लोकांच्या वतीने उभे राहून प्रश्न विचारणारा निवडून आलेला एकही नगरसेवक तेव्हा नव्हता, हे खरे. पुढची निवडणूक व्हायला थेट जानेवारी 2026 उजाडले.

म्हणून फवारणीची तक्रार प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या आणि एक प्रत नगरसेवकाला द्या. आयुक्तांकडून काम होते, नगरसेवकाकडून त्या कामाची विचारणा होते. दोघांनाही कामाला लावणे आपल्या हातात आहे. आणि हो, तोवर घरातले पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.