महिलांची उंच उडी आणि ग्रामीण मैदान : पुण्यातील २०१३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महिलांच्या उंच उडीचा इतिहास बहुधा विक्रमांच्या आकड्यांतून सांगितला जातो. दांडी किती वर गेली याची नोंद होते. उडी घेतल्यानंतर खेळाडू कशावर पडते, हा प्रश्न मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहतो. वास्तविक या क्रीडाप्रकाराच्या विकासात पडण्याच्या जागेला उडीइतकेच महत्त्व आहे. जुलै २०१३ मध्ये आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात भरली आणि महिलांच्या उंच उडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुणे जिल्ह्याच्या भूमीवर झाली. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती–इंदापूर परिसरातील मुलीच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे व पद्धती :
१) आंतरराष्ट्रीय स्तरावरील महिलांच्या उंच उडीच्या तंत्रातील बदलांची कारणे तपासणे. २) या बदलांच्या प्रकाशात ग्रामीण महाराष्ट्रातील सुविधांचा विचार करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

वाळूपासून गादीपर्यंत :
१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांना मैदानी स्पर्धांत प्रथमच प्रवेश मिळाला. त्यांच्यासाठी अवघे पाच प्रकार होते व त्यांपैकी एक उंच उडी होता. कॅनडाच्या एथेल कॅथरवुडने १.५९ मीटर उडी घेऊन सुवर्णपदक मिळविले. याच ऑलिंपिकनंतर ८०० मीटर धावणे स्त्रियांना झेपत नाही असा समज दृढ करण्यात आला आणि ती शर्यत १९६० पर्यंत वगळली गेली. उंच उडी टिकली, तरी स्त्रीच्या शरीरक्षमतेविषयीची शंका पुढेही राहिली.

त्या काळात खेळाडू वाळूच्या किंवा लाकडी भुशाच्या खड्ड्यात उतरत असे. साहजिकच पायांवर उतरता येईल अशी कात्री पद्धत, म्हणजे सिझर्स, सुरक्षित होती. रुमानियाच्या योलांदा बालाशने याच पद्धतीत सुधारणा करून १९६१ मध्ये १.९१ मीटरचा विश्वविक्रम केला व १९६० आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तिचा विक्रम दहा वर्षे अबाधित राहिला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने दांडीकडे पाठ करून उडी घेतली. या पद्धतीत खेळाडू मान व खांद्यांवर पडतो. म्हणून फोमच्या जाड गादीशिवाय ती शक्यच नव्हती. शरीराला कमान दिल्यामुळे गुरुत्वमध्य फारसा वर न नेताही दांडी ओलांडता येते, हा तिचा शास्त्रीय लाभ. १९७२ मध्ये म्युनिक येथे सोळा वर्षांच्या उलरिके मायफार्थने याच तंत्राने १.९२ मीटर उडी घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. १९७७ मध्ये रोझमेरी आकरमानने जुन्या स्ट्रॅडल पद्धतीने दोन मीटरची मर्यादा गाठली. परंतु पुढील काळ फॉसबरी तंत्राचाच ठरला. १९८७ च्या रोम विश्वअजिंक्यपद स्पर्धेत बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्तादिनोव्हाने २.०९ मीटर उडी घेतली. हा विक्रम जवळजवळ सदतीस वर्षे टिकला. ७ जुलै २०२४ रोजी युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने पॅरिस येथे २.१० मीटर उडी घेऊन तो मोडला. तात्पर्य, फोमच्या गादीने केवळ इजा टाळली नाही, तर नवे तंत्रच शक्य केले.

पुणे : संकुल आणि स्पर्धा :
बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. त्याच वर्षी, २२ जून १९९४ रोजी, महाराष्ट्राने देशातील पहिले राज्य महिला धोरण जाहीर केले. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांचे मूळ गाव काटेवाडी. एकाच वर्षातील या दोन घटना, एक क्रीडेची व एक स्त्रीविकासाची, परस्परांशी कितपत जोडल्या गेल्या, हा प्रश्न म्हणूनच या गावाच्या संदर्भात विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

२०१३ ची आशियाई स्पर्धा मूळची चेन्नईची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागास तमिळनाडू शासनाने विरोध केल्यामुळे ती पुण्याकडे आली व ३ ते ७ जुलै या काळात बालेवाडीत पार पडली. भारताला दोन सुवर्णपदके मिळाली : थाळीफेकीत विकास गौडा आणि महिलांची ४×४०० मीटर रिले. महिलांच्या उंच उडीत उझबेकिस्तानची नादिया दुसानोवा विजयी झाली. या प्रकारात भारताची परंपरा नव्हती असे नाही. केरळच्या बॉबी अलॉयसियसने २००० मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्ण मिळविले होते व २००४ मध्ये १.९१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता; कर्नाटकच्या सहनाकुमारीने २०१२ मध्ये तो १.९२ वर नेला. या मालिकेत महाराष्ट्राचे नाव ठळकपणे येत नाही.

काटेवाडीपासून बालेवाडीचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. मात्र खरे अंतर साधनांचे आहे. ग्रामीण शाळेच्या मैदानावर लांब उडीसाठी वाळूचा हौद असतो व बहुधा तोच उंच उडीसाठीही वापरला जातो. वाळूत पाठीवर पडणे धोक्याचे असल्याने शिक्षक मुलीला कात्री उडीच शिकवितात. अर्थात ती बालाशच्या काळातील तंत्र शिकते आणि स्पर्धेत मात्र तिला २१ व्या शतकातील तंत्राशी झुंजावे लागते. हा दोष मुलीचा नाही, शिक्षकाचाही नाही.

पर्यायी साधने व त्यांची मर्यादा :
नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारेने मक्याचा भुसा भरलेल्या गादीवर सराव सुरू केला; २०२५ च्या टोकियो विश्वअजिंक्यपद स्पर्धेत तो अंतिम फेरीत सहावा आला. हरियाणातील पूजा सिंगने बांबूची दांडी व पेंढा भरलेली पोती यांवर पाठीवरची उडी शिकून २०२५ मध्ये गुमी येथे १.८९ मीटर उडीसह आशियाई सुवर्णपदक जिंकले. बॉबी अलॉयसियसनंतर हे यश मिळविणारी ती पहिलीच भारतीय महिला होय. मका व ऊस पिकविणाऱ्या बारामती–इंदापूर पट्ट्यात असा भुसा दुर्मीळ नाही. तथापि या उदाहरणांचा केवळ गौरव करणे पुरेसे नाही. ज्या गावात असा कल्पक शिक्षक नसेल, तेथील मुलीची उंची कधी मोजलीच जात नाही.

निष्कर्ष :
१) महिलांच्या उंच उडीतील प्रगती ही गुणवत्तेइतकीच पडण्याच्या जागेच्या सुधारणेशी निगडित आहे.
२) मोठी स्पर्धा जिल्ह्यात भरल्याने तिचा लाभ ग्रामीण भागापर्यंत आपोआप पोहोचत नाही.
३) तालुका क्रीडा संकुलात फोमची गादी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि मुलींसाठी राखीव सरावाची वेळ या तिन्ही बाबी एकत्र उपलब्ध होणे आवश्यक आहे.
४) महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी आपल्या गाद्या परिसरातील माध्यमिक शाळांच्या मुलींना सुटीच्या दिवशी खुल्या केल्यास, अल्प खर्चात हे अंतर काही अंशी कमी होऊ शकेल.

निर्भयपणे पडता येईल अशी जागा मिळाल्याखेरीज उंच उडण्याचे धाडस होत नाही. १९९४ च्या महिला धोरणाचा क्रीडांगणावरील अर्थ याहून वेगळा असू शकत नाही.