पायचीत, चितपट आणि ‘मॅच लूझ केली’

गेल्या उन्हाळ्यात नातू शाळेच्या फुटबॉलचा सामना खेळून घरी आला. अंगभर धूळ, गुडघा फुटलेला. विचारलं, “काय झालं रे?” तर म्हणाला, “आबा, आम्ही मॅच लूझ केली. लास्टला त्यांनी गोल स्कोअर केला.” त्याच्या गुडघ्याला हळद लावता लावता मी म्हटलं, “हरलो म्हण की बाळा. हरलो म्हटल्यानं माणूस आणखी थोडाच हरतो?” तो हसला आणि म्हणाला, “तेच की आबा. लूझ केली म्हणजे तेच.”

आता, अशा गोष्टीवरून चिडू नये हे मलाही कळतं. वयाचा भाग असतो थोडा. पण त्या रात्री झोप येईना. ज्या गावात हरण्या-जिंकण्याचे शंभर शब्द होते, त्या गावातल्या पोराला हरल्याचं सांगायला एकही मराठी क्रियापद आठवू नये, हे मनाला लागलं.

आमचं लहानपण खासबागेच्या आसपास गेलं. राजर्षी शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि असं मैदान आपल्या पैलवानांना हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळं सगळ्यात मागं बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसायची. वडिलांचं बोट धरून मी तिथं जायचो. हलगी-घुमकं कडाडायचं, पैलवान शड्डू ठोकायचे आणि शेजारी बसलेली अनोळखी माणसं आम्हा पोरांना शिकवत राहायची, “बघ, आता पट काढणार. आता ढाक लावतोय बघ.” घिस्सा, मोळी, कलाजंग, धोबीपछाड हे शब्द आम्ही पुस्तकात वाचले नाहीत. ते डोळ्यांनी पाहिले आणि मग कानांनी ऐकले. 1959 साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्याच तालमीत घडले. त्यांचं नाव निघालं की आमच्या घरातली म्हातारी माणसं सावरून बसायची.

पुढं रेडिओवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन ऐकायला लागलो. चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर आणि त्याभोवती दहा-पंधरा डोकी. बाळ ज. पंडितांचा आवाज आला की टपरीवाला कपबशांचा आवाजसुद्धा बंद करायचा. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, षटक, चौकार, झेलबाद हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळवण्यात त्यांच्यासारख्या समालोचकांचा आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांचा मोठा वाटा आहे. पण आम्हा कोल्हापूरकरांना त्यात एक वेगळीच गंमत वाटायची. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत या शब्दांतलं ‘चीत’ आलं कुठून? ते तर हौद्यातलं! पाठ मातीला टेकली की पैलवान चीत. साहेबाच्या खेळातला गडी बाद झाला, तरी मराठीनं त्याला आपल्या मातीत पाडून चीत केलं. ‘डाव’ही तसाच. कुस्तीतला डाव वेगळा आणि क्रिकेटमधला वेगळा, पण शब्द एकच. ‘पंच’ही दोन्हीकडचे.

डाव म्हटलं की भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. जन्म कोल्हापूरचा, 1919 चा. 2012 साली ते कोल्हापुरातच गेले. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध ते 443 धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा त्या वेळचा विक्रम होता नाबाद 452. म्हणजे दहा धावा केल्या असत्या तर प्रथम श्रेणी क्रिकेटमधली तोवरची सर्वांत मोठी खेळी एका कोल्हापूरकराच्या नावावर लागली असती. पण मध्यंतरात काठेवाडच्या कर्णधारानं पुढं खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या तेव्हा 4 बाद 826 धावा झाल्या होत्या. भाऊसाहेबांना पुढं अधिकृत कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. आमच्याकडं या प्रसंगाचं वर्णन करायला इंग्रजी शब्द लागत नाही. “गड्यानं मैदान सोडलं” एवढं म्हटलं की कुणालाही सगळं कळतं.

मग इंग्रजी शब्द नकोतच का? इथं मात्र मला माझीच कानउघाडणी करावी लागते. ज्या शब्दांचा मी एवढा अभिमान सांगतो, त्यातले किती अस्सल मराठी? कुस्ती, पैलवान हे शब्द फारसीतून आले. उस्तादाचा आम्ही वस्ताद केला. तालीम तर अरबीतली, मूळ अर्थ शिक्षण. गंमत अशी की कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. खेळ इंग्रजांचा, संस्था अरबी नावाची आणि त्यासाठी भांडणारा माणूस पेठेतला, शुद्ध कोल्हापुरी! त्यांच्याच जोडीला प्रॅक्टिस क्लब आहे. त्याचं नाव बदलून ‘सराव मंडळ’ करा असं कुणी सुचवून बघावं, म्हणजे पेठेत काय होतं ते कळेल.

भाषाशुद्धीचा वाद कोल्हापूरला नवा नाही. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, आमच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फारसीचे एवढे मोठे जाणकार की फार्सी-मराठी कोश त्यांनी रचला. आणि त्यांनीच पुढं 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. परकी भाषा उत्तम येणाऱ्या माणसानं स्वभाषेची काळजी करावी, यात मला विसंगती वाटत नाही. उलट दुसरं घर नीट पाहिलेल्यालाच आपल्या घराची ओल दिसते.

याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मातीवरून एकदम मॅटवर गेले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूर अजून अभिमानानं सांगतं. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठासून सांगायला त्यांच्या बाजूनं कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही गोष्ट आठवली की माझ्या चिडचिडीला लगाम बसतो. खेळाडूच्या पाठीशी नियम जाणणारा आणि जगाच्या भाषेत भांडणारा माणूस लागतो. आपल्या पोरांना इंग्रजी यायलाच हवं, चांगलं यायला हवं. पण ‘मॅच लूझ केली’ हे चांगलं इंग्रजीही नाही आणि मराठी तर नाहीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

मी स्वतःपुरता एक साधा नियम केला आहे. नाम पाहुणं म्हणून आलं तर येऊ द्यावं. गोल, कॉर्नर, पेनल्टी, टायब्रेकर यांना मी अडवत नाही. ते आता घरचेच झाले. पण क्रियापद हे घराचं आढं आहे, ते काढून देऊ नये. खेळलो, हरलो, जिंकलो, पडलो, उठलो हे शब्द ‘केलं’च्या कुबडीवर चालायला लागले की भाषेचे पाय जातात. ‘विन केलं’, ‘ट्राय केलं’, ‘एन्जॉय केलं’ असं म्हणताना सगळी कामं एकटं ‘केलं’ करत बसतं आणि बाकीची क्रियापदं बिनकामाची होतात. वापरात नसलेला डाव पैलवान विसरतो, तसंच हे.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी. स्पर्धेचं नाव होतं ‘50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स’. आमच्या गल्लीत कुणाला त्याचा अर्थ लागेना. तेव्हा माझ्या नातवानंच सगळ्यांना समजावून सांगितलं, “आधी गुडघा टेकून मारायचं, मग पालथं पडून, मग उभं राहून.” शेजारच्या आजी म्हणाल्या, “आत्ता कळलं बघ.”

मी काही बोललो नाही. फक्त नातवाच्या पाठीवर थाप दिली. टेकून, पडून, राहून. पोराला क्रियापदं येत होती. ती कुणाला तरी समजावून सांगायची वेळ यावी लागते, एवढंच.