ग्रामीण निसर्गचित्रण आणि दृक्‌प्रत्ययवाद
शेत, पाणवठा, पायवाट, झाडांची राई यांसारखे ग्रामपरिसरातील विषय विशिष्ट वेळेच्या प्रकाशात जसे दिसतात तसे, शुद्ध रंगांच्या सुट्या फटकाऱ्यांनी रंगविण्याची पद्धती. तिचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये झाला. महाराष्ट्रात व मराठी चित्रकारांत ती दोन भिन्न वाटांनी आढळते : एक स्वतंत्र निरीक्षणाची, तर दुसरी पाश्चात्त्य कलेच्या परिचयाची.

फ्रान्समध्ये झां फ्रांस्वा मीये (१८१४–७५) याने शेतकऱ्याला चित्रविषय म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्याच्या ग्लीनर्स (१८५७) या चित्रातील स्त्रिया पार्श्वभूमीपासून उठून दिसतात. कामीय पीसारो (१८३०–१९०३) याने हा भेद पुसून टाकला. त्याच्या होरफ्रॉस्ट (१८७३) या चित्रात दहिवराने पांढुरलेले शेत, नांगराचे तास आणि लाकडांची मोळी घेऊन जाणारा माणूस एकाच प्रकारच्या फटकाऱ्यांनी रंगविलेले आहेत. चौकटीबाहेरील झाडांच्या निळसर सावल्या शेतावर पडलेल्या दिसतात. १८७४ च्या पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी प्रदर्शनात या चित्राची समीक्षक ल्वी लरॉय याने चेष्टा केली. या गटाची १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शने भरली. त्या सर्वांत भाग घेणारा पीसारो हा एकमेव चित्रकार होय. १८४१ पासून धातूच्या नळीत मिळू लागलेले तैलरंग आणि रेल्वेची सोय यांमुळे उघड्यावर बसून चित्र पूर्ण करणे सुकर झाले होते.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) मात्र याच काळात पाश्चात्त्य अकादमिक शिक्षणपद्धती रूढ होती. प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखन, यथादर्शन व छायाप्रकाश यांवर तिचा भर असे. या शाळेत १८८० नंतरच्या दशकात शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) हे महाराष्ट्रातील या प्रकारच्या निसर्गचित्रणाचे आद्य उदाहरण होय. कोल्हापूरला परतल्यावर त्यांना शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला. कोटितीर्थ, रंकाळा व पंचगंगेचा परिसर हेच त्यांचे विषय राहिले. एकच स्थळ सकाळी, संध्याकाळी व निरनिराळ्या ऋतूंत त्यांनी न्याहाळले. पाण्यावरील प्रकाश आणि दमट हवेने मऊ झालेल्या कडा दाखविण्यासाठी त्यांनी बारीक, सुटे रंगलेपन अवलंबिले. फ्रेंच चळवळीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आलेला नव्हता. त्यामुळे त्यांना ‘दृक्‌प्रत्ययवादी’ म्हणताना साम्य परिणामाचे आहे, परंपरेचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. अन्यथा त्यांची स्वतंत्र साधना अनुकरण ठरण्याचा धोका संभवतो.

याचे कारण या पद्धतीच्या स्वरूपातच आहे. ती रंगांची ठरावीक यादी नसून प्रकाशाचे परीक्षण होय. पाँत्वाझच्या हिवाळी शेतावरील निळ्या सावल्या कोल्हापूरच्या पावसाळी हवेत जशाच्या तशा आढळणार नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यात, मूर्तिजापूर-अकोल्याकडील कपाशीच्या काळ्या रानात, उन्हाळ्यातील धूळ आणि तापलेली जमीन आणखी वेगळ्या छटांची मागणी करतील. पाहणे बदलल्याशिवाय रंग उसने घेता येत नाहीत.

दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण म्हणजे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–९२). इंदूरच्या कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उघड्यावर निसर्गचित्रणाचा सराव केला. पुढे त्यांनी परदेशप्रवास केला, तसेच १९५० ते १९६६ या काळात बडोद्याच्या ललित कला शाखेत अध्यापन केले. आधुनिक पाश्चात्त्य चित्रशैलींची त्यांना चांगली ओळख होती. उत्तरायुष्यात ग्रामीण स्त्रिया व त्यांचे दैनंदिन जीवन यांची चित्रे त्यांनी रंगबिंदूंच्या साहाय्याने रंगविली. पीसारोनेही १८८५ च्या सुमारास काही वर्षे बिंदुवादी तंत्र स्वीकारले होते. तथापि बेंद्रे यांच्या चित्रांत एखाद्या क्षणाच्या प्रकाशापेक्षा आकृतींची लय व रंगमेळ यांना अधिक महत्त्व मिळाले आहे.

या इतिहासाची पहिली बाजू तुटपुंज्या साधनांवर उभी आहे. शाहू छत्रपतींच्या निधनानंतर (१९२२) आबालालांनी आपली बरीच चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे सांगितले जाते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात व अन्यत्र असलेल्या मोजक्या चित्रांवरूनच त्यांच्या कार्याचा अंदाज बांधावा लागतो. कोटितीर्थ व रंकाळा यांच्या भोवताली पुढे वस्ती वाढली. त्यामुळे कलाकृतींच्या मूल्याबरोबरच, शहराच्या कडेचा तो मोकळा परिसर व तेथील हवा-प्रकाश यांची नोंद म्हणूनही या चित्रांना महत्त्व आहे.