हाओ

हाओ : चिनी लिपीतील एक अत्यंत रूढ अक्षर. मुख्य अर्थ ‘चांगला’. डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘अपत्य’ या अर्थांची दोन स्वतंत्र अक्षरे एकाच चौकटीत सांधून ते सिद्ध होते. प्रत्येकाचे तीन, असे एकूण सहा फटकारे त्यात असतात. कांगशी बादशहाच्या आज्ञेवरून तयार होऊन १७१६ साली पुरा झालेल्या कोशात अक्षरांची वाटणी ज्या २१४ मूलघटकांखाली केली आहे, त्यांतील अडतिसाव्या, म्हणजे स्त्री-घटकाखाली, उरलेल्या तीन फटकाऱ्यांच्या हिशेबाने ते शोधावे लागते. १९५६ साली चिनी सरकारने अक्षरांच्या सुलभीकरणाची जी योजना जारी केली, तिची झळ याला लागली नाही.

माता आणि बालक एकत्र, म्हणून ‘चांगले’, ही व्युत्पत्ती प्रत्येक शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो, आणि स्मरणास ती उपकारक असल्याने तिच्याशी भांडण्याचे कारण नाही. मात्र तिला पुराव्याचा दर्जा देता येत नाही. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन याने रचलेल्या ‘शुओवेन जियेज’ या कोशात याचा अर्थ ‘सौंदर्य’ असा दिलेला आहे. त्याहून प्राचीन दाखला शांग राजा वू दिंग याच्या फू हाओ नामक राणीचा. आनयांग येथे १९७६ साली उत्खनन झालेल्या तिच्या अभंग थडग्यातील काशाच्या पात्रांवर हे नाव कोरलेले आहे. परंतु तेथील ‘अपत्य’ हा अवयव राजकुळाचे नाव दर्शवितो आणि अक्षराचा उच्चारही निराळाच होता, असे काही विद्वानांचे मत आहे.

लेखन. तांबड्या शाईत छापलेल्या कित्त्यावर काळ्या शाईने गिरवून अक्षरे शिकविण्याचा चीनमध्ये जुना शिरस्ता आहे. पुढे तीच अक्षरे चार समान घरांत विभागलेल्या चौकोनात स्वतंत्रपणे लिहावी लागतात. ‘हाओ’चा पहिला फटकारा वरून डावीकडे तिरपा उतरतो आणि लेखणी न उचलता वळून उजवीकडे खाली जातो, दुसरा डावीकडे उतरताना त्याला छेदतो, तिसरा आडवा. ‘स्त्री’ हे अक्षर एकटे असता हा आडवा फटकारा दोन्ही बाजूंस ऐसपैस पसरतो, परंतु येथे शेजाऱ्यास जागा करून द्यावयाची असल्याने तो आखडतो, उजवीकडे जाताना किंचित चढतो आणि दुसऱ्या फटकाऱ्यापलीकडे डोके काढीत नाही. नवशिक्याचे लेखन परके दिसते ते बहुधा एवढ्या एका रेघेमुळे. उजव्या अंगाचा पहिला फटकारा आडवा निघून टोकाशी डावीकडे खाली मोडतो, दुसरा तेथून बाक घेत उतरून तळाशी डावीकडे आकडा टाकतो आणि शेवटचा आडवा त्याला मध्यावर छेदतो. क्रमाचा हा कायदा केवळ पंतोजींचा हट्ट नव्हे; धावत्या लेखनात फटकारे एकमेकांत मिसळू लागले, की कोणता कोणास जोडावयाचा हे या क्रमावरच ठरते, आणि क्रम चुकलेले अक्षर वाचणाऱ्यास लागत नाही.

उच्चार व उपयोग. यातील ‘ह’ मराठीपेक्षा घशात अधिक घासून काढावा लागतो. स्वर (आवाजाचा चढउतार) तिसरा, म्हणजे खाली दबून मग वर येणारा. मात्र पुढे-मागे दोन तिसरे स्वर आले असता पहिला दुसऱ्या, चढत्या स्वरात बदलतो, आणि ‘नी हाओ’ या अभिवादनातच विद्यार्थ्याची त्याच्याशी गाठ पडते. चौथ्या, उतरत्या स्वरात उच्चारल्यास हेच अक्षर ‘आवड असणे’ असे क्रियापद होते. त्यामुळे ‘हाओ श्युए’ ही अक्षरजोडी तिसऱ्या स्वरात ‘शिकण्यास सोपे’ आणि चौथ्यात ‘विद्येची आवड असलेला’ असे दोन अर्थ देते. यान ह्वे या दिवंगत शिष्याची कन्फ्यूशियसने जी स्तुती केली, तिच्यात हा दुसरा अर्थ आहे.

सहा फटकारे एका दुपारी हातात बसतात. या अक्षराचा वापर अंगवळणी पडण्यास मात्र फार काळ लागतो. ‘तो चांगला आहे’ यातील ‘आहे’ चिनीत येत नाही, त्या जागी ‘हन’ (फार) घालावा लागतो, आणि तो गाळल्यास दुसरा कोणी तितका चांगला नाही असा तुलनेचा वास वाक्याला येतो. क्रियापदापूर्वी आल्यास ‘हाओ कान’ म्हणजे देखणे, ‘हाओ थिंग’ म्हणजे श्रवणीय. उलट अर्थासाठी ‘नान’ (कठीण) हे अक्षर योजतात. क्रियापदानंतर आल्यास काम पुरते झाल्याची ग्वाही मिळते : ‘श्ये हाओ’, म्हणजे लिहून नीट झाले. ‘हाओ लंग’ यात ते थंडीचे आधिक्य सांगते, तर एकटे उच्चारले की नुसता रुकार ठरते. सर्वांत चमत्कारिक प्रकार ‘हाओ रुंगई’ आणि ‘हाओ बू रुंगई’ यांचा. दुसऱ्यात नकार असूनही घडलेल्या गोष्टीविषयी बोलताना दोहोंचा अर्थ एकच, ‘मोठ्या मुश्किलीने’. व्याकरणकारांनी यावर पुष्कळ लिहिले असले, तरी विद्यार्थ्याने ते निमूटपणे पाठ करावे हे उत्तम.

पेकिंग ऑपेराच्या प्रेक्षागृहात नटाने तान किंवा पवित्रा साधताच जाणकार प्रेक्षक ‘हाओ!’ म्हणून मोठ्याने दाद देतात. मात्र नट चुकला असताही हाच शब्द हेटाळणीच्या सुरात ओरडण्याची चाल असून तिला ‘उलटा हाओ’ असे नाव आहे.