औटकीचा हिशेब

आमचे आजोबा मानवतच्या आडतीवर मुनीम होते. कापसाच्या हंगामात त्यांच्या गादीवर दोन जातींचे रुपये यायचे. मुंबईकडच्या व्यापाऱ्याचा तो कलदार, निजामाचा तो हाली. शेवटच्या काळात सात हालींना सहा कलदार असा भाव होता. म्हणजे तीन कलदारांचे साडेतीन हाली. आजोबांना कागद लागत नसे. रकमेचे तीन-तीनचे वाटे पाडायचे आणि औटकी म्हणायची. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. साठ कलदार आले? वीस औट सत्तर. मोजा हाली!

औट म्हणजे साडेतीन. मूळ संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे तीन पुरे आणि चौथा अर्धा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीबरोबर पंतोजी औटकीही घोकून घेत.

काही आकड्यांना मोजणीपलीकडचाही अर्थ मिळतो. इटलीत ‘क्वात्रोचेंतो’ म्हणजे चारशे. पण चित्र-शिल्पांची गोष्ट निघाली की तोच शब्द 1400 नंतरचं दोनातेल्लो-बोत्तिचेल्लीचं शतक होतो. आपल्याकडे ते भाग्य साडेतीनला लाभलं. देह औट हातांचा. मुहूर्त साडेतीन. देवीची पीठं साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणी अर्धं. त्यातलं माहूर आम्हा परभणीकरांना सगळ्यांत जवळचं. पेशवाईतले शहाणेही साडेतीन. सखारामबापू बोकील, नागपूरकरांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे पूर्ण. तलवार न चालवणारे नाना फडणवीस अर्धे. विठ्ठल सुंदर 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत पडला. ते गाव गोदावरीकाठीच, आमच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला.

साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. तेवढंच ज्याचं राज्य, तो औट घटकेचा राजा. आजोबा हे बिरुद नव्या अडत्यांना लावायचे. पुढं निजामालाही लावलं.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1957 साली नवे पैसे आले, 1959 साली हाली चलनातून कायमचा बाद झाला आणि आडतीवरची औटकी थांबली. पाठ्यपुस्तकात ती परत येणार नाही, यावी असा माझा हट्टही नाही. पण जुन्या आडतीवर बसलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याकडून ती एकदा वीसपर्यंत म्हणवून घ्या आणि मोबाइलवर टिपून ठेवा.