पंप तोच, फवारा वेगळा

आमच्या घरात इनहेलर हा शब्द कधी कुणी वापरला नाही. तो पंप. पहाडगंजात, आरामबागेजवळच्या एका गल्लीत आम्ही राहत होतो. नूतन मराठी शाळेची घंटा घरात ऐकू यायची, आणि दिवाळी सरली की तिच्या जोडीला बाबांच्या छातीतली घरघर. निळा पंप त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. २०१० च्या आगेमागे एका हिवाळ्यात त्यांनी नवा आणलेला पंप तोंडात धरून दाबला आणि तोंड वाकडे केले. "ह्यात जोरच नाही," ते म्हणाले, "आणि चव काय ही, दारूसारखी!"

औषध तेच होते, कंपनी तीच, मात्राही तीच, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. केमिस्ट म्हणाला, "माल वही है अंकलजी, ऊपर से बदल के आया है." ऊपर से म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नव्हते. बाबांनी ठरवून टाकले की माल नकली आहे. चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसला, औषधांच्या ठोक बाजारात जाऊन त्यांनी आणखी दोन पंप आणले. तेही तसेच निघाले. खोक्यावर इंग्रजीत 'सीएफसी फ्री' असे छापले होते. "काय फ्री दिलंय म्हणे ह्यांनी? खोक्यात तर काही नाही," असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मी हसले. भाषांतरावर पोट भरणाऱ्या मुलीने त्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हाच नीट सांगायला हवा होता.

केमिस्टचे 'ऊपर से' मात्र अक्षरशः खरे होते. कारण आभाळात होते.

मोजून मात्रा देणारा पंप पहिल्यांदा बाजारात आला तो १९५६ साली, अमेरिकेत. त्याआधी काचेच्या नळीला रबरी फुगा जोडलेले एक उपकरण असे. फुगा दाबायचा आणि येईल तेवढी वाफ ओढायची. रायकर ह्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन ह्यांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही, असे तिने वडिलांना विचारले, आणि वर्षभरात 'मेडिहेलर' तयार झाला. त्यात औषध बाहेर ढकलणारा वायू होता सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. फ्रिजमध्ये थंडावा आणणारी ही सगळी मंडळी १९३० च्या दशकापासूनच कारखान्यांच्या ओळखीची होती. जळत नाही, वास नाही, कशाशी भांडत नाही. आजारी माणसाच्या छातीत सोडायला ह्याहून गुणी वायू कुठला?

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड ह्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की हा गुणी वायू खाली कशाशी भांडत नाही म्हणूनच वर पोहोचतो, आणि तिथे ओझोनचा थर पोखरतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा खळगा जाहीर झाला. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. फ्रिज, एसी, फोम, अत्तराचे फवारे ह्या सगळ्यांवर गदा आली. दम्याच्या पंपाला सवलत मिळाली, कारण त्याच्यावाचून माणसे गुदमरली असती. भारताने १ ऑगस्ट २००८ पासून, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी, सीएफसीचे उत्पादन थांबवले. औषधी वापरापुरताच अपवाद ठेवला. मग तोही आवरता घेतला. हे सगळे कामकाज पाहणारा सरकारचा ओझोन सेल तेव्हा लोधी रोडवरच्या इंडिया हॅबिटाट सेंटरमध्ये होता. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर. त्याच इमारतीत मी भाषांतराच्या चर्चासत्रांना जात असे.

सीएफसीच्या जागी आला एचएफए-१३४ए. ऐकायला हा दोन अक्षरांचा बदल, पण कारखान्यातल्या माणसांनी त्यापायी वर्षे घालवली. जुन्या वायूत औषधाचे कण सुटे ठेवणारे पदार्थ नव्या वायूत विरघळेनात. झडपेतली रबरे त्याला टिकेनात. म्हणून अनेक पंपांत थोडा अल्कोहोल घालावा लागला. बाबांची जीभ खोटे बोलत नव्हती.

जोराचेही तसेच. जुना फवारा बर्फासारखा गार आणि वेगवान येई. घशावर थाडकन बसे. काही रोग्यांचा त्या गारठ्याने श्वासच अडे. पण ज्यांना सवय झाली त्यांच्या लेखी तो फटका म्हणजेच औषध. नवा फवारा कोमट आणि मऊ होता. खरे तर जे घशावर आपटते ते फुकट जाते. पंपातल्या औषधाचा लहानसाच वाटा फुप्फुसात पोहोचतो, मग पंप जुना असो की नवा. म्हणजे बाबा ज्याला ताकद म्हणत होते ती बरीचशी वाया जाणारी मात्रा होती. हे त्यांना कुणी दोन मिनिटे बसून सांगितले असते, तर ते ऐकणारे गृहस्थ होते.

घरगुती शहाणपणही एका रात्रीत खोटे ठरले. पंपात किती औषध उरले ते पाहायला बाबा आतली धातूची डबी पाण्याच्या भांड्यात सोडत. बुडाली तर भरलेली, उभी राहिली तर अर्धी, आडवी तरंगली तर संपली. नव्या पंपाला हा हिशेब लागू नव्हता, उलट पाण्याने झडप बिघडायची भीती. शिवाय नव्या पंपाचे प्लास्टिकचे नळकांडे आठवड्यातून एकदा धुवावे लागते, नाहीतर बारीक भोकापाशी औषध साचून ते बुजते. ही सूचना आतल्या पातळ कागदावर होती, मुंगीएवढ्या अक्षरांत.

जानेवारीतल्या एका रात्री बाबांना धाप लागली. एक दाब, दोन, काही जाणवेना, म्हणून आणखी. मी मोजत होते, आठ झाले. मग त्यांचे हात थरथरू लागले आणि छाती धडधडायला लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने पंप उघडून नळकांडे दिव्यासमोर धरले. भोकाभोवती पांढरा थर जमला होता. "कधी धुतला होता?" त्याने विचारले. आम्ही दोघेही गप्प.

इथे जुनी एक गोष्ट आठवते. १९६० च्या दशकात इंग्लंड, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात दम्याचे तरुण रोगी अचानक अधिक संख्येने दगावू लागले. आयसोप्रिनलिन ह्या औषधाच्या फवाऱ्यांकडे, विशेषतः त्याच्या कडक मात्रेकडे, बोट दाखवले गेले. आराम पडेना म्हणून पुन्हा पुन्हा दाबणे किती महागात पडू शकते, हे डॉक्टरी जगाला तेव्हापासून माहीत होते.

आणि रोग्यांची शंका दरवेळी भ्रम नसते. बेक्लोमेटासोन ह्या स्टेरॉइडच्या काही नव्या पंपांत कण इतके बारीक झाले की औषध फुप्फुसात खोलवर जाऊ लागले आणि जवळजवळ अर्धी मात्रा पुरू लागली. नाव एकच, पण दोन कंपन्यांचे पंप सारखे नव्हते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये डॉक्टरांना कळवले की हे औषध ब्रँडच्या नावानेच लिहून द्या. अमेरिकेत ३१ डिसेंबर २००८ नंतर जुने सालब्युटामोल पंप विकायला बंदी आली (तिथे त्याला अल्ब्युटेरॉल म्हणतात; एकाच रेणूची दोन नावे, हे भाषांतरकाराला बरे समजते). स्वस्त जेनेरिक पंप दुकानांतून गेले, पेटंटवाले महाग पंप उरले. फवारा कमजोर आहे ही तक्रार तिथेही झाली, बाबांसारखीच.

आता पुन्हा पाळी येते आहे. एचएफए-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढे आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने ह्या कुळातले वायू कमी करायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. कंपन्या तिसऱ्या पिढीचा वायू घेऊन तयारीत आहेत. चव बदलेल, फवाऱ्याचा स्पर्शही बहुधा बदलेल. खोक्यावर दोन-तीन नवी अक्षरे येतील.

ते करार चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. ओझोनचा थर भरून येतो आहे, हे बाबांनाही आवडले असते. दिल्लीची हवा जन्मभर ओढलेल्या माणसाला आभाळाची काळजी समजावून सांगणे अवघड नव्हते.

त्या रात्रीनंतर बाबा दर रविवारी सकाळी नळकांडे कोमट पाण्याने धुऊन खिडकीत वाळत ठेवत. शेजारच्या सरदारजींनाही त्यांनी ते शिकवले. मागच्या वर्षी त्यांच्या ट्रंकेत गुंडाळून ठेवलेला एक जुना पंप सापडला, सीएफसीवाला. नवे चालले नाहीत तर असू दे, म्हणून राखून ठेवलेला असणार. हलवून पाहिला तर आत काहीतरी खळखळले. मी तो दाबला नाही. आहे तसा परत गुंडाळून ठेवला.